शब्द मनात, पत्ता मोठ्याने

शुक्रवारी, १९ एप्रिल २०२४ रोजी संध्याकाळी, तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने माझा जुना मोबाईल काउंटरच्या काचेवर ठेवला आणि एका बोटाने टिचकी मारून तो भोवऱ्यासारखा फिरवून दाखवला. पाठ सपाट असलेला फोन असा फिरत नाही; बॅटरी फुगलेला फोन फिरतो. "काकू, हा चार्जिंगला लावून झोपू नका," असे त्याने बजावले आणि पुढे म्हणाला, "बॅटरी सोमवारी येईल. फोन ठेवून जा, पॅटर्न एका चिठ्ठीवर लिहून द्या." पॅटर्न लिहून देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या फोनमध्ये माझे बिटकॉईनचे वॉलेट, म्हणजे बिटकॉईन सांभाळणारे अ‍ॅप, होते आणि २०१९ पासून थोडेथोडे करून घेतलेले सगळे बिटकॉईन त्या एकाच वॉलेटमध्ये होते. मी फोन पिशवीत टाकला, पिशवी अंगापासून जरा लांब धरली आणि घरी आले.

मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात हिशेब पाहते. २०१९ ते २०२१ या काळात महिन्याच्या शेवटी हातात काही उरले की एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉईनच्या ऑनलाइन बाजारात, पाच-सात हजारांचे बिटकॉईन घ्यायचे आणि लगेच स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घ्यायचे, अशी माझी पद्धत होती. एक्स्चेंजवर पडून राहिलेले नाणे पूर्णपणे आपले नसते, एवढे मला कळले होते आणि ते बरोबरच होते. प्रत्येक काढणीला एक्स्चेंज ठरावीक फी कापून घेत असे आणि तिची बेरीज मी कधीही केली नाही, हे हिशेबनिसाला शोभणारे नव्हते; पण या सवयीची खरी किंमत निराळ्याच जागी साठत होती, हे मला त्या शनिवारी सकाळी समजले. अशा एकूण एकोणीस काढण्या माझ्या वॉलेटमध्ये जमा होत्या. त्यांची एकूण रक्कम येथे सांगत नाही आणि कोणीही कोणालाही सांगू नये, असे माझे मत आहे.

फोन कधीही बंद पडेल या धास्तीने मी ठरवले की सोमवारची वाट न पाहता सगळे बिटकॉईन तात्पुरते एक्स्चेंजवर परत पाठवावेत. शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास मी वॉलेट उघडले, एक्स्चेंजने दिलेला पत्ता (खातेक्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची ओळ) भरला, 'सर्व रक्कम' हे बटण दाबले आणि फीच्या ओळीकडे पाहून हात मागे घेतला. तेथे ०.०१२ बिटकॉईनच्या आसपासचा आकडा होता. त्या दिवशी एका बिटकॉईनची किंमत साधारण ५४ लाख रुपये होती. म्हणजे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवण्यासाठी मला जवळजवळ ६५ हजार रुपये मोजावे लागणार होते. माझा दोन महिन्यांचा पगारही तितका नाही. माझी पहिली समजूत अशी झाली की रक्कम मोठी असल्यामुळे फी मोठी आहे, म्हणून मी निम्मी रक्कम घालून पाहिली. फी निम्म्याच्या जवळपास आली खरी, पण तिचे कारण मला वाटत होते ते नव्हते.

भाचा कोथरूडला राहतो आणि हिंजवडीला सॉफ्टवेअरचे काम करतो. त्याला फोन केला तेव्हा तो झोपेतच होता. "मावशी, काहीही दाबू नकोस, मी येतो," एवढेच म्हणाला आणि तासाभरात आला. चहा होईपर्यंत त्याने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते. बिटकॉईनच्या व्यवहाराची फी रकमेवर ठरत नाही, व्यवहाराच्या वजनावर ठरते. सिटी पोस्टात साधे पाकीट तोलायला दिले की कारकून त्याचे वजन पाहतो; आत लग्नपत्रिका आहे की घराचे खरेदीखत, याच्याशी काट्याला कर्तव्य नसते. येथेही व्यवहाराचा मजकूर ब्लॉकमध्ये, म्हणजे सामायिक नोंदवहीच्या एका पानावर, किती जागा अडवतो एवढेच मोजतात आणि ही जागा व्हीबाईट या एककात मोजली जाते. एका ब्लॉकमध्ये साधारण दहा लाख व्हीबाईट मावतात, असा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी एक तयार होतो आणि त्यातील जागेसाठी लोक दर व्हीबाईटला इतके सातोशी अशी बोली लावतात. एका बिटकॉईनचे दहा कोटी सातोशी होतात. मायनर, म्हणजे असे ब्लॉक तयार करणारा, जास्त दराचे व्यवहार आधी उचलतो. उरलेले व्यवहार मेमपूल नावाच्या रांगेत थांबतात.

आता माझा व्यवहार इतका जड का होता, हा मुद्दा उरतो आणि सगळ्या प्रकरणाचे मूळ त्यातच आहे. वॉलेट आपल्याला एकच शिल्लक दाखवते, पण आत तशी एक रक्कम नसते. वेगवेगळ्या वेळी आलेल्या रकमा सुट्या नोटांसारख्या वेगवेगळ्याच राहतात आणि खर्च करताना प्रत्येक नोट स्वतंत्रपणे, स्वतःच्या सहीसह, व्यवहारात मांडावी लागते. माझ्या प्रकारच्या पत्त्यावर अशा प्रत्येक तुकड्याला सुमारे ६८ व्हीबाईट लागतात. एकोणीस तुकडे, पैसे जाणार तो एक पत्ता आणि वरचा थोडा मजकूर असे धरून माझा व्यवहार सुमारे १३३४ व्हीबाईटचा होत होता. हीच रक्कम एका तुकड्यात असती तर व्यवहार सुमारे ११० व्हीबाईटमध्ये आटोपला असता. माझे पत्ते '१' या आकड्याने सुरू होणाऱ्या जुन्या प्रकारचे असते तर प्रत्येक तुकडा १४८ व्हीबाईटचा होऊन एकूण वजन २८०० च्या वर गेले असते. निम्मी रक्कम घातल्यावर फी उतरली, कारण वॉलेटने तेवढ्यापुरते कमी तुकडे उचलले होते. तीन वर्षे मी काटकसर म्हणून चिल्लर साठवली होती आणि ती मोजून देण्याची मजुरी आता माझ्याचकडून मागितली जात होती.

हे वजनाचे झाले. दराचे कारण त्या दिवसापुरते होते. त्याच दिवशी पहाटे, भारतीय वेळेनुसार साडेपाचनंतर, ८,४०,००० क्रमांकाचा ब्लॉक तयार झाला होता आणि मायनरला दर ब्लॉकमागे मिळणारे नवे बिटकॉईन ६.२५ वरून ३.१२५ वर आले होते. याला हाविंग म्हणतात. ते दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी होते. नेमक्या त्याच ब्लॉकपासून 'रून्स' नावाची, बिटकॉईनवर नवी टोकन काढण्याची पद्धत सुरू झाली आणि आपले टोकन पहिल्याच तासांत नोंदवण्यासाठी लोक वाटेल ती बोली लावू लागले. माझ्या वॉलेटने दर व्हीबाईटला नऊशेच्या आसपास दर सुचवला होता. लक्ष्मी रोडवर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी रिक्षा शोधावी, तशी वेळ मी व्यवहारासाठी निवडली होती.

"पण फोन फुटला तर?" हा माझा प्रश्न होता. त्यावर भाच्याने उलट विचारले, "बारा शब्द लिहून ठेवलेस का?" लिहिलेले होते. वॉलेट पहिल्यांदा सुरू केले तेव्हा त्याने दिलेले बारा इंग्रजी शब्द मी एका वहीत उतरवून ती कपाटात ठेवली होती. मग फोन फुटला काय नि पाण्यात पडला काय, बिटकॉईन जागेवरच राहतात, असे तो म्हणाला, कारण फोनमध्ये बिटकॉईन नसतातच. कोणत्या पत्त्यावर किती आहे याची नोंद जगभरच्या संगणकांवर असते; फोनमध्ये फक्त किल्ली असते आणि ती किल्ली त्या बारा शब्दांतून पुन्हा घडवता येते. मात्र वहीतले शब्द बरोबर आहेत की नाहीत, हे फोन चालू आहे तोवरच ताडून पाहता येईल, असेही तो म्हणाला, आणि त्या सकाळी आम्ही केलेले सर्वांत उपयोगाचे काम तेच ठरले.

मी वही काढली आणि छापखान्याच्या सवयीने म्हणाले, "मी वाचते, तू पडद्यावर ताड." आमच्याकडे प्रूफ असेच तपासतात, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून सरकायचे. भाचा खुर्चीवरून उठला, खुर्ची उलटी फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसला. "शब्द मनात वाचायचे," तो म्हणाला. "मलाही ऐकायचे नाहीत. आणि फोटो काढू नकोस." मी एकटीने दोनदा ताडून पाहिले. दहावा शब्द कधीतरी ओल लागून विरला होता. शाई पसरून शेवटची अक्षरे गेली होती आणि पहिली चार तेवढी उरली होती. भाच्याच्या पाठीला उद्देशून मी ही अडचण सांगितली तेव्हा तो हसला. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि त्या यादीत कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसतात, त्यामुळे चार अक्षरे वाचता आली तर शब्द सापडतोच. पडद्यावर पाहून मी तो शब्द आणि मग सगळेच बाराही शब्द नव्या कागदावर पेन्सिलीने लिहिले. पेन्सिलीचे लिखाण पाण्याने पसरत नाही, हे मला छापखान्यात पहिल्या वर्षीच कोणीतरी सांगितले होते.

व्यवहार त्या दिवशी केलाच नाही. सोमवारी दुकानात गेले, काउंटरसमोर अर्धा तास उभी राहिले आणि डोळ्यांदेखत बॅटरी बदलून घेतली. दुकानदाराला माझा स्वभाव संशयी वाटला असणार.

मे महिन्यात मी एक हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली फोनबाहेर ठेवणारे छोटे उपकरण, मागवले. ते निर्मात्याकडूनच घ्यायचे, वापरलेले घ्यायचे नाही आणि डब्यात शब्द आधीच छापून आलेले असतील तर ते उपकरण हातात घ्यायचे नाही, एवढे नियम पाळले. शब्द उपकरणाने आपल्यासमोर नव्याने तयार करावे लागतात. माझ्या उपकरणाने चोवीस दिले. त्यानंतर छापखान्याच्या वर्षअखेरीच्या हिशेबांत मी बुडाले आणि ते उपकरण कपाटात पडून राहिले. अधूनमधून मेमपूल डॉट स्पेस या संकेतस्थळावर दर पाहत असे. पुढच्या ब्लॉकमध्ये जाण्यासाठी सध्या काय दर चालू आहे, मागे किती रांग आहे, हे तेथे रंगीत चौकोनांत दिसते. काही आठवडे पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की शनिवार-रविवारी बहुधा रांग लहान असते. हा नियम नव्हे. २० एप्रिल हाही शनिवारच होता.

पालख्या पुण्यातून पुढे गेल्यानंतरच्या रविवारी, ७ जुलैला, आम्ही काम हाती घेतले. दर चार-पाच सातोशींवर आला होता. भाच्याच्या आग्रहाने आधी लहान रक्कम पाठवून पाहायचे ठरले आणि त्यासाठी उपकरणावर नवा पत्ता काढला. येथे मात्र मोठ्याने वाचायची परवानगी होती, कारण पत्ता गुपित नसतो. पत्ता फोनने क्यूआर कोडवरून उचलला. तो कॉपी करून चिकटवला असता तरी चालले असते, परंतु कॉपी केलेला पत्ता चिकटवताना मधल्या मध्ये बदलणारे घातक प्रोग्रॅम असतात, म्हणून तो मार्ग टाळला. आता फोनवर आलेला पत्ता आणि उपकरणाच्या पडद्यावरचा पत्ता एकच आहेत की नाहीत, हे पाहायचे होते. 'बीसी१क्यू'ने सुरू होणारा हा पत्ता ४२ अक्षरांचा असतो. भाचा उपकरणावरून चार-चार अक्षरांच्या चौकड्या करून वाचत होता आणि मी फोनवर बोट सरकवत होते. 'एम' आणि 'एन' ऐकताना सारखेच वाटू लागले, तेव्हा आम्ही गावांची नावे लावली: मुंबईचा एम, नाशिकचा एन, ठाण्याचा टी, दौंडचा डी. दहा चौकड्या झाल्या आणि शेवटची दोन अक्षरे उरली तेव्हा मी म्हणाले, "पहिली चौकडी सोडली तर बारामतीचा बी एकदाही आला नाही." भाच्याने मान डोलावली. सुरुवातीच्या 'बीसी१' नंतर अशा पत्त्यात बी, आय, ओ ही अक्षरे आणि एक हा आकडा मुद्दामच वापरत नाहीत, कारण ती इतर अक्षर-आकड्यांसारखी दिसून घोटाळा होतो. आयुष्यभर शून्य आणि ओ यांच्या घोटाळ्यांची प्रुफे पाहिलेल्या मला ही योजना करणाऱ्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

पत्त्याच्या शेवटी तपासणीची सहा अक्षरे असतात, त्यामुळे लिहिताना चार अक्षरांपर्यंत चूक झाली तर वॉलेट तो पत्ता हमखास नाकारते. मग ४२ अक्षरे वाचायचा खटाटोप कशाला, असे मी विचारले. चोराने घातलेला पत्ताही तपासणीत बरोबरच ठरतो, कारण तो खराच पत्ता असतो. फक्त आपला नसतो. काही ठग तर आपल्या पत्त्याशी पहिली आणि शेवटची काही अक्षरे जुळणारा पत्ता तयार करून त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवून ठेवतात, जेणेकरून पुढच्या वेळी आपण जुन्या व्यवहारांच्या यादीतून घाईने तो उचलावा. दोन्ही टोके पाहून मधले सोडून देणाऱ्या माणसासाठीच हा सापळा लावलेला असतो. प्रुफातही चुका मधल्या ओळींतच राहतात.

पाच सातोशींच्या दराने पाठवलेल्या या चाचणीच्या व्यवहाराची फी ७०५ सातोशी, म्हणजे साधारण ३४ रुपये झाली. व्यवहाराचा तपशील उघडल्यावर मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण मी पाठवलेल्या रकमेच्या कितीतरी पट मोठा तुकडा वॉलेटमधून बाहेर गेलेला दिसत होता आणि त्यातला बहुतेक भाग मी कधीही न पाहिलेल्या पत्त्यावर गेला होता. ती सुटी परत आलेली मोड होती. पाचशेची नोट देऊन पन्नासची कोथिंबीर-मिरची घेतली तर साडेचारशे परत येतात, तसेच. फक्त वॉलेट ती मोड आपल्याच एका नव्या पत्त्यावर ठेवते. तुकडे निवडण्याची सोय वॉलेटमध्ये असेल तर सर्वांत लहान तुकडा पूर्ण पाठवावा, म्हणजे मोडही येत नाही आणि वजन १४१ ऐवजी ११० व्हीबाईट होते, हे भाच्याला नंतर आठवले.

येथेच मला आणखी एक गोष्ट कळली आणि ती हिशेबाच्या माणसाला चटका लावणारी आहे. बिटकॉईनच्या व्यवहारात फीचा रकानाच नसतो. आत आलेल्या तुकड्यांची बेरीज वजा बाहेर गेलेल्या रकमांची बेरीज, जे उरेल ती फी आणि ते मायनरचे. वॉलेट मोडीचा पत्ता लिहायला विसरले तर सगळी मोड फी होऊन जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या अमेरिकी कंपनीने ०.०७४ बिटकॉईन पाठवताना १९.८ च्या आसपास बिटकॉईन फी दिली होती. तो ब्लॉक ज्यांच्या वाट्याला आला त्या एफटूपूल या मायनिंग पूलने (मायनरांच्या गटाने) रक्कम परत केली, पण तशी परत करण्याचे बंधन कोणावरही नसते. तेव्हापासून उपकरणावर होकाराचे बटण दाबण्यापूर्वी मी तीन ओळी पाहते: पत्ता, रक्कम आणि फी.

पाठवल्यावर वाट पाहणे आले. दहा मिनिटांनी ब्लॉक येतो हे सरासरीचे बोलणे आहे. आमचा ब्लॉक यायला चाळीस मिनिटे लागली आणि त्याच्या पाठोपाठ दोन मिनिटांत दुसरा आला. स्टॉपवर बसची वाट पाहणाऱ्याला हे नवीन नाही. ब्लॉक शोधणे हा मायनरच्या नशिबाचा भाग असतो आणि सरासरी दहा मिनिटांवर राहावी म्हणून दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, ब्लॉक शोधण्याचे काठिण्य बदलले जाते. त्या चाळीस मिनिटांत भाच्याने इथरियम या बिटकॉईनसारख्याच दुसऱ्या व्यवस्थेचेही थोडे सांगितले. तेथे खाते पासबुकासारखे असते, शिल्लक खरोखरच एक आकडा असतो, त्यामुळे चिल्लर साठून वजन वाढण्याचा प्रकार नाही. इथर हे तेथले चलन साधेपणी पाठवायला दर वेळी २१,००० गॅसच (तेथील कामाचे माप) लागतो आणि ऑगस्ट २०२१ पासून फीचा मूळ भाग कोणालाही न मिळता नष्ट केला जातो. मात्र तेथे काही कारणाने फसलेल्या व्यवहाराचीही फी द्यावी लागते.

चाचणीची रक्कम पोचल्यावर मी लगेच मोठा व्यवहार करायला निघाले होते, पण भाच्याने उपकरणातली सगळी माहिती पुसून टाकायला लावली. मला हा क्रूर विनोद वाटला. चोवीस शब्द कागदावरून भरून उपकरण पुन्हा उभे केले, तीच रक्कम आणि तोच पत्ता दिसला, तेव्हा कुठे माझा त्या कागदावर विश्वास बसला. रक्कम ३४ रुपयांच्या फीत पोचलेली असतानाच ही परीक्षा घ्यायची, सगळे पाठवून झाल्यावर नव्हे, हा क्रम मला पटला.

मग मुख्य व्यवहार. मोडीचा तुकडा धरून वॉलेटमध्ये पुन्हा एकोणीसच तुकडे होते, म्हणजे वजन तेच, १३३४ व्हीबाईट. वॉलेट पाच सातोशींचा दर सुचवत होते. येथे माझी पुणेरी काटकसर जागी झाली आणि मी तीनचा दर लिहिला. पाचाच्या दराने सुमारे ३२० रुपये झाले असते, तीनाच्या दराने १९२ झाले. एप्रिलमधल्या ६५ हजारांपुढे मी कशासाठी हे सव्वाशे रुपये वाचवत होते, हे मला आजही सांगता येत नाही. भाचा काही बोलला नाही. एवढे सगळे तुकडे एकत्र केल्यावर ते एकाच व्यक्तीचे आहेत हे कोणालाही नोंदवहीत दिसू शकते, याची कल्पना मात्र त्याने दिली. माझ्यासारखीला त्याने फरक पडत नव्हता, पण ज्यांना पडतो त्यांनी विचार करावा.

रविवारी रात्रीपर्यंत व्यवहार रांगेतच होता. सोमवारी कामाचा दिवस सुरू झाला, दर वर सरकले आणि माझा व्यवहार मागे-मागे जाऊ लागला. मंगळवारी सकाळी छापखान्यात बसून मी तो चौकोन पाहत होते आणि समोरच्या पावतीपुस्तकात दोनदा चुकीची तारीख घातली. व्यवहार अडकला याचा अर्थ पैसे गेले असा नसतो. खूप दिवस, बहुतेक संगणकांवर चौदा दिवस, तो ब्लॉकमध्ये गेला नाही तर रांगेतून काढून टाकला जातो आणि रक्कम जणू कधी हललीच नव्हती तशी राहते. हे मला माहीत होते, तरी मी इंटरनेटवर मदत शोधू लागले आणि पाच मिनिटांत एका अनोळखी माणसाने व्यवहार 'मोकळा' करून देण्यासाठी माझे बारा शब्द मागितले. त्याला उत्तर दिले नाही.

उपाय वॉलेटमध्येच होता. रांगेत असलेला व्यवहार जास्त फीच्या त्याच व्यवहाराने बदलता येतो, मात्र नवी फी जुन्या फीपेक्षा पुरेशी जास्त असावी लागते. दुसराही मार्ग होता: पोचायच्या रकमेतूनच पुढचा एक व्यवहार मोठ्या फीने करायचा, म्हणजे त्याच्या लोभाने मायनर आधीचाही उचलतो. दोन्ही वॉलेटे माझीच असल्याने मला दोन्ही शक्य होते, पण दुसऱ्या मार्गात नव्या व्यवहाराचे वजन वर पडते. हिशेब केला तर सुमारे ७७० सातोशी जास्त जात होते. संध्याकाळी घरी येऊन मी फी वाढवण्याचे बटण दाबले, दर सात लिहिला, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि या वेळी एकटीनेच, मोठ्याने, मुंबई-नाशिक करत वाचला. नवी फी ९३३८ सातोशी, म्हणजे ४८ लाखांच्या भावाने ४४८ रुपये. वीस मिनिटांत पहिले कन्फर्मेशन आले, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये गेला; पुढच्या प्रत्येक ब्लॉकला आणखी एक धरतात. सहा कन्फर्मेशन होईपर्यंत मी भाजी चिरत बसले, कारण मोठ्या रकमेला तितकी वाट पाहण्याचा प्रघात आहे.

रात्री वहीत नोंद केली: तारीख, व्यवहाराची ६४ अक्षरी ओळख, किती तुकडे, किती फी आणि प्रत्येक तुकड्याची मूळ खरेदीची तारीख व किंमत. स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये ठेवणे ही माझ्या हिशेबात विक्री नव्हे. पण पुढे कधी विक्री केली तर २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे नफ्यावर ३० टक्के कर बसतो आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही. तुकडे एकत्र झाल्यावर कोणता तुकडा कोणत्या भावाने घेतला होता हे वॉलेट सांगणार नाही, ते वहीतच राहिले पाहिजे. ४४८ रुपयांपुढे 'खर्च' असे लिहिले आणि कंसात 'त्यातले सव्वाशे हट्टाचे' असे लिहून मग ते खोडले.

शेवटचे काम एक्स्चेंजवर होते. तेथे माझा जुना पत्ता जपून ठेवलेला होता आणि पुढच्या खरेदीच्या वेळी मी सवयीने तोच निवडला असता. तो काढून नवा घातला आणि भाच्याला फोनवर घेऊन ४२ अक्षरे पुन्हा वाचली. जुन्या बारा शब्दांचा कागद फाडायला घेतला होता, पण जुन्या पत्त्यावर कोणी चुकून काही पाठवले तर ते त्याच शब्दांनी मिळणार, हे लक्षात येऊन थांबले. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले, 'रिकामे, ९ जुलै २०२४. तरी फेकू नये', आणि तो परत कपाटात ठेवला.